रोमचें अक्षर, बोर्डीची बोली

रोम शहरांत सान लोरेन्झो नांवाची मजुरांची वस्ती आहे. तेथें ६ जानेवारी १९०७ रोजीं डॉक्टर मारिया माँटेसरी ह्यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. पुढें एका डिसेंबरांत, छान ऊन पडलें असतां, बाई मुलांना घेऊन इमारतीच्या गच्चीवर गेल्या. तेथें एका पांच वर्षांच्या मुलाला त्यांनीं समोरच्या धुराड्याचें चित्र काढावयास सांगितलें. मुलानें खडूनें फरशीवर धुराडें काढलें, आणि एकाएकीं आपणांस लिहितां येतें असें ओरडून, गुडघे टेकून, त्यानें एक शब्द लिहिला. त्या शब्दाचा अर्थ हात. पाठोपाठ त्यानें धुराडें आणि छप्पर हे दोन शब्द लिहिले. लिहिणें म्हणून त्याला कोणीं कांहीं शिकविलें नव्हतें. खरबरीत कागदाचीं कापलेलीं अक्षरें बोटानें चांचपावीं आणि पेटींतलीं सुटीं अक्षरें जुळवून शब्द बनवावे, एवढाच खेळ तो इतके दिवस खेळत आला होता.

ह्या प्रसंगाला भाषेचीहि एक बाजू आहे. त्या मुलानें लिहिलेले तीन शब्द इटालियन भाषेंत मानो, कामीनो आणि तेत्तो असे आहेत. मोठ्यानें म्हणून पाहिले तर त्यांचे तुकडे आपोआप पडतात: मा-नो, का-मी-नो, तेत्-तो. तोंडांतून जितके ध्वनि निघतात तितकींच चिन्हें कागदावर उमटतात. एकहि चिन्ह वायां जात नाहीं आणि एकहि ध्वनि चिन्हावांचून राहत नाहीं. बाईंनीं आपल्या १९०९ सालच्या ग्रंथांत नमूद केलें आहे कीं, पूर्वतयारीच्या पहिल्या खेळापासून पहिला शब्द लिहीपर्यंत चार वर्षांच्या मुलास सरासरी एक ते दीड महिना लागतो. ह्या वेगाचें श्रेय जसें पद्धतीला आहे तसें तें त्या भाषेच्या लेखनालाहि आहे. मग जेथें ऐकलेलें आणि लिहिलेलें ह्यांत एवढी जवळीक नाहीं अशा भाषेंत ही पद्धति नेली तर काय होईल? हिंदुस्थानांत हा प्रश्न पुस्तकांतच राहिला नाहीं. १९४५ सालीं, त्या वेळच्या ठाणें जिल्ह्याच्या उत्तर टोंकास, डहाणू तालुक्यांतील बोर्डी ह्या समुद्रकांठच्या गांवीं तो प्रत्यक्ष मुलांच्या रूपानें उभा राहिला.

बोर्डीस जाण्यापूर्वीं इटालियन शब्दाची घडण थोडी पाहिली पाहिजे. एका स्वराभोंवतीं, एका दमांत निघणारा शब्दाचा जो तुकडा, त्यास येथें उच्चारखंड म्हटलें आहे. संस्कृत वैयाकरण ह्यालाच अक्षर म्हणत. परंतु मराठींत अक्षर म्हणजे पाटीवर काढलेली आकृति असा अर्थ रूढ झाल्यामुळें निराळा शब्द घेणें सोयीचें. इटालियन भाषेंत दोन स्वरांच्या मध्यें एकच व्यंजन असेल तर तें पुढच्या खंडाकडे जातें. तेंच व्यंजन दुहेरी असेल तर एक मागें राहतें आणि एक पुढें जातें. र, ल, न, म ह्यांच्यामागून दुसरें व्यंजन आलें तर शब्द तेथें दुभंगतो: पार्-लो, म्हणजे मी बोलतों. परंतु प् आणि र् असे ह्या क्रमानें आले तर दोघेहि पुढच्या खंडांत जातात: आ-प्रो, म्हणजे मी उघडतों. मराठी माणूस सहजच आप्-रो म्हणेल, कारण जोडाक्षराचा धक्का मागच्या स्वराला बसलेला ऐकण्याची आपल्या कानाला संवय आहे. छंदःशास्त्रानें जोडाक्षरामागच्या लघूला गुरु मानलें तें ह्याचमुळें. इटलींतील शाळांत मुलांच्या पहिल्या पुस्तकास सिल्लाबारियो, म्हणजे खंडांची पोथी, असें नांव होतें. बा, बे, बी, बो, बू हा त्यांतील घोष आपल्या बाराखडीची सख्खी बहीण शोभावा.

पण एवढ्या पारदर्शक लेखनांत एक गोष्ट लपलेली आहे, ती म्हणजे आघात. प्रत्येक इटालियन शब्दांत एका खंडावर जोर पडतो, आणि तो चुकला तर शब्दच बदलतो. असें असूनहि आघात शेवटच्या खंडावर असेल तरच त्याची खूण लिहिण्याचा प्रघात आहे. एरवीं तो वाचणाराला आधींच ठाऊक असावा लागतो. इटालियन वैयाकरणांनीं ह्या शब्दांच्या जाती पाडून त्यांना मोठीं गमतीचीं नांवें दिलीं आहेत. शेवटून दुसऱ्या खंडावर आघात असलेला शब्द तो सपाट. हेच शब्द भाषेंत सर्वांत अधिक. अगदीं शेवटीं आघात असलेला तो तुटका. शेवटून तिसऱ्यावर असलेला तो घसरता, आणि चौथ्यावर असलेला तो दोनदां घसरता! एकाच अक्षरावलीचें उदाहरण घ्यावें. कापितानो ह्या शब्दांत 'ता' वर जोर दिला तर अर्थ होतो कप्तान. पहिल्या 'का' वर दिला तर तें क्रियापद होऊन अर्थ होतो, ह्या गोष्टी घडतात. शेवटच्या 'नो' वर दिला तर अर्थ होतो, त्यानें नायकत्व केलें. ह्या तिसऱ्या रूपावर लेखनांत खूण असते. पहिलीं दोन कागदावर हुबेहूब सारखीं.

हा घोटाळा नामांपेक्षां क्रियापदांत अधिक होतो. त्या मुलाच्या धुराड्याचा कामीनो एका मकारानें जाड केला कीं कम्मीनो होतो, आणि त्याचा अर्थ होतो, मी चालतों. ह्या एका क्रियापदाचीं रूपें ओळीनें म्हणून पाहावीं. मी चालतों, कम्मीनो. आघात 'मी' वर. तूं चालतोस, कम्मीनी, तो चालतो, कम्मीना, आघात तेथेंच. आम्ही चालतों, कम्मिनियामो; येथें तो पुढें सरकून 'या' वर गेला. तुम्ही चालतां, कम्मिनाते. आतां तो 'ना' वर. आणि ते चालतात ह्या रूपांत, कम्मीनानो म्हणतांना, तो परत मागें फिरून 'मी' वर येऊन बसतो. इटालियन शिकणारा परका माणूस बरोबर ह्याच ठिकाणीं ठेंचाळतो. तुम्हीच्या रूपांत 'ना' वर जोर आहे, म्हणून ते च्या रूपांतहि तो 'ना' वरच द्यावा असें त्याला वाटतें, आणि ऐकणारे हंसतात.

आघात असा उड्या कां मारतो? ह्याचें उत्तर इतिहासांत आहे. गाणें ह्या अर्थाच्या क्रियापदाचें लॅटिन रूप, ते गातात ह्या अर्थीं, कान्तान्त् असें होतें: खंड दोनच, आणि आघात पहिल्यावर. कालांतरानें शेवटचा त् गळला आणि त्या जागीं एक ओकार येऊन चिकटला. कान्तानो असे तीन खंड झाले. आघात मात्र पूर्वीं होता तेथेंच राहिला. शब्दाला नवें शेपूट आलें, म्हणून तो घसरता ठरला. उलट, त्यानें गाइलें ह्या अर्थीं लॅटिन रूप कान्तावित् असें होतें आणि त्याचा आघात दीर्घ 'ता' वर होता. पुढचा वकार मऊ पडून उकारांत मिसळला, शेवटचा त् झडला, आणि उरला तो कान्तॉ. आतां आघात शेवटच्या खंडावर आला तो केवळ पुढें कांहीं शिल्लकच राहिलें नाहीं म्हणून. तुम्हीच्या रूपाची कथा आणखी सरळ आहे. लॅटिन कान्तातिसमध्यें 'ता' दीर्घ होता, त्यानें आघात ओढून घेतला, तो आजच्या कान्तातेंतहि त्याच्यापाशींच आहे. परक्याला आघात उड्या मारतो असें वाटतें. वस्तुतः बहुतेक ठिकाणीं तो दोन हजार वर्षें आपल्या जागीं उभा आहे आणि त्याच्या भोंवतालचा शब्दच वाढला किंवा झडला आहे.

आघात आणि क्रियापद ह्यांच्या नात्याचा विचार हिंदुस्थानाला नवा नव्हता, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. वेदांच्या पोथ्यांत उदात्त, अनुदात्त आणि स्वरित ह्यांच्या खुणा अक्षरांच्या वर-खालीं दिलेल्या असतात. शब्द कोठें दुभंगावा, व्यंजन मागच्या स्वराचें कीं पुढच्या, ह्याचा काथ्याकूट प्रातिशाख्यांनीं केलेला आहे. मुख्य वाक्यांत नामादि पदापुढें येणारें क्रियापद अनुदात्त होतें, म्हणजे त्यावर उंच स्वर राहत नाहीं, हा नियम पाणिनीच्या अष्टाध्यायींत आठव्या अध्यायांत आलेला आहे. ज्या देशानें आघाताच्या खुणा एवढ्या निगुतीनें जपल्या, त्याच देशांतल्या पुढच्या भाषांनीं लिहितांना त्या अजिबात टाकून दिल्या, ही नवलाची गोष्ट खरी.

रोमची पद्धति बोर्डीस आली ती गुजरातमार्गें. बाईंच्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १९१२ सालीं निघालें. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका ह्यांनीं त्या विचारांनीं भारून जाऊन १९२० सालीं भावनगरास दक्षिणामूर्ति संस्थेचें बालमंदिर काढलें. १९२३ सालीं ताराबाई मोडक त्यांस येऊन मिळाल्या. ताराबाई मुंबईस जन्मलेल्या आणि पदवीधर. मराठी ही त्यांची घरची भाषा आणि गुजराती कामाची. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३६ सालीं दादरचें शिशुविहार सुरू झालें. ज्यांच्या ग्रंथावर गिजुभाईंनीं आपलें आयुष्य उभारलें त्या माँटेसरीबाई १९३९ सालच्या अखेरीस मद्रासला उतरल्या; परंतु त्याच वर्षीं २३ जूनला गिजुभाई निवर्तले होते. पुढें इटली युद्धांत उतरल्यामुळें शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून बाईंवर निर्बंध आले, आणि १९४६ पर्यंत त्यांचा मुक्काम हिंदुस्थानांतच पडला. त्यांच्या ह्या मुक्कामाच्या शेवटास, १९४५ सालीं, ताराबाईंनीं शहर सोडून बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलें. त्यांच्या जोडीला आल्या त्या पुणें जिल्ह्यांतल्या मोरगांवीं जन्मलेल्या अनुताई वाघ.

बोर्डी हें गांव लहान, पण भाषांच्या दृष्टीनें फार श्रीमंत. घोलवड स्टेशनावर उतरून समुद्राकडे यावें, तों एका बाजूस चिकूच्या वाड्या आणि दुसऱ्या बाजूस सुरूची रांग. गांवांत सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल १९२० पासून चालू होतें. शिक्षणाची हवा नव्हती असें नाहीं. बागायतदार पारशी आणि इराणी ह्यांच्या घरीं गुजराती, व्यवहारांत मराठी आणि गुजराती दोन्ही, कोळीवाड्यांत मांगेल्यांची बोली, आणि डोंगराच्या बाजूस वारल्यांची. ह्या वारली लोकांची स्थिति त्या काळीं अत्यंत हलाखीची होती. जमीनदाराच्या आणि सावकाराच्या वहींत आपल्या नांवावर काय लिहिलें आहे हें त्यांना वाचतां येत नसे. कागदावर अंगठा उठविणें एवढाच त्यांचा लेखनाशीं संबंध. त्याच १९४५ च्या मे महिन्यांत, जवळच्याच झरी गांवीं, गोदावरी परुळेकर ह्यांच्या पुढाकारानें वारल्यांनीं वेठबिगार करावयाची नाहीं असा निर्धार केला. बोर्डीच्या बालवाडींत शिकणें म्हणजे काय, हें समजण्यास हें ध्यानीं घेतलें पाहिजे. अक्षर ओळखणें ही तेथें हौसेची गोष्ट नव्हती.

रोमच्या बालगृहांतील घोटीव लाकडी साधनें ह्या वस्तींत परवडणारीं नव्हतीं. बोर्डीस त्यांच्या जागीं शिंपले, दगड, बिया, पानें, काड्या आल्या. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच त्यांच्या अंगणांत न्यावी, ह्या विचारांतून अंगणवाडी निघाली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली. साधनें बदलणें हें कष्टाचें खरें, तरी सोपें. मणी लाकडाचा असला काय आणि बी असली काय, मोजणें तेंच राहतें. परंतु अक्षरांची पेटी बदलणें हें तितकें सोपें नव्हे, कारण तेथें नुसती वस्तु बदलत नाहीं, तिच्यामागचें माप बदलतें.

रोमच्या पेटींत स्वरांचीं आणि व्यंजनांचीं चिन्हें निरनिराळ्या रंगांचीं आणि एकमेकांच्या बरोबरीचीं होतीं. शिक्षिका व्यंजनाचा नुसता ध्वनि उच्चारी आणि लगेच त्याला स्वर जोडून खंड म्हणून दाखवी. मूल डावीकडून उजवीकडे एकेक ध्वनि मांडीत जाई. देवनागरींत हा हिशेब जुळत नाहीं. 'क' हें चिन्ह नुसत्या ध्वनीचें नव्हेच. त्याच्या पोटांत अकार आधींच बसलेला आहे. इतर स्वर व्यंजनाच्या बरोबरीनें उभे न राहतां त्याच्या डोक्यावर, पायाशीं किंवा बाजूला लटकतात. त्यांत ऱ्हस्व इकाराची तऱ्हा न्यारी. 'फिरतो' म्हणतांना ओठ आधीं फकाराला मिटतात आणि इकार मागून येतो. पेटींत मात्र इकाराची वेलांटी आधीं ठेवावी लागते आणि फ नंतर. पाटीवर लिहितांना मूल फ काढून मग वेलांटी मागें ओढूं शकतें. सुट्या अक्षरांच्या खेळांत ही पळवाट नाहीं.

ही अडचण डोळ्यांची, आणि ती चार दिवसांत संपते. खरी अडचण कानाची आहे. देवनागरी ही मूळ संस्कृताच्या उच्चाराला बेतलेली लिपि. तिच्यांतला प्रत्येक अकार म्हणावयाचा असतो. मराठी बोलण्यानें मात्र ह्या अकारांपैकीं बरेचसे शतकांपूर्वींच टाकून दिले. श्लोक म्हणतांना ते जागे होतात, बोलतांना निजतात! आणि कोणता अकार कोठें निजावा हें शब्दाच्या शेवटावर ठरतें. इटालियन भाषेंत जशी आघाताची जागा क्रियापदांत हलते, तशी मराठींत खंडांची वाटणी क्रियापदांतच सर्वांत अधिक हलते. 'उतर' हा धातु घ्यावा. आज्ञा करतांना आपण उ-तर म्हणतों; शेवटचा अकार गेला. त्यालाच आ लावून आदरानें सांगावयाचें तर 'उतरा' असें लिहितों, पण म्हणतांना उत्-रा. आतां मधला अकार गेला. 'उतरला' ह्यांत तोच मधला अकार परत आला: उ-तर्-ला. आणि 'उतरवला' म्हणतांना त् पुन्हां मागच्या खंडाला चिकटला: उत्-रव्-ला. समज, समजा, समजला; पाठव, पाठवा, पाठवला; सगळ्यांची चाल हीच. लिहिणारा मात्र दरवेळीं उ, त, र हीं तीन अक्षरें जशींच्या तशीं लिहितो, जणूं कांहीं घडलेंच नाहीं.

आतां गच्चीवरच्या त्या रोमन मुलाच्या जागीं बोर्डीचें मूल कल्पावें. त्याचा कान तितकाच तीक्ष्ण आहे. 'उतरा' हा शब्द ऐकून त्यानें ऐकला तसा मांडला, तर तो उ आणि त्रा असाच मांडील. रोममध्यें कानाशीं प्रामाणिक राहणारें मूल जवळजवळ नेहमीं बरोबर ठरतें. तेथें कांटे नाहींत असें नव्हे. त्याच्याजवळ आहे, त्यांच्याजवळ आहे ह्या अर्थाच्या क्रियापदरूपांच्या आरंभीं न उच्चारला जाणारा एक हकार लिहावा लागतो, आणि तो गाळला तर 'त्यांच्याजवळ आहे' ह्याचें 'वर्ष' होऊन बसतें. पण असे कांटे मोजके. मराठींत मात्र कानाशीं प्रामाणिक राहणारें मूल पानोपानीं चुकतें, आणि चूक काढणारा शिक्षक स्वतः तोच शब्द मुलासारखाच उच्चारीत असतो. शहरांतल्या मुलाच्या घरीं पुस्तकें असतात; लिहिलेलें रूप डोळ्यांवरून वारंवार गेल्यानें तें ही तफावत न कळत गिळून टाकतें. ज्याच्या घरांत कागद येतो तो फक्त अंगठा मागावयास, त्याला ही तफावत कोण समजावून सांगणार? त्यांतून वारली आणि मांगेली बोलींत क्रियापदांचे शेवट पुस्तकी मराठीहून निराळे. म्हणजे मुलाला एकाच वेळीं दोन उड्या मारावयाच्या: आपल्या बोलींतून शाळेच्या मराठींत, आणि शाळेच्या मराठी उच्चारांतून तिच्या लेखनांत.

तरीहि देवनागरीचा पक्ष अगदींच लंगडा नाहीं. उतर, उतरा, उतरला हीं तिन्ही एका घरचीं आहेत हें लिहिलेल्या रूपावरून तत्काळ दिसतें. उच्चाराप्रमाणें लिहिलें तर हें नातें तुटेल. शिवाय ह्या लिपीनें एक गोष्ट अशी टिपली आहे जी इटालियन लिपीला साधलेली नाहीं. 'ऊठ' आणि 'उठा' हीं रूपें पाहावीं. 'शीक' आणि 'शिका', 'पूस' आणि 'पुसा' पाहावीं. शेवटचा अकार निजून शब्द एकखंडी झाला कीं उरलेला स्वर ताणला जातो आणि आपण दीर्घ लिहितों. मागें प्रत्यय येऊन बसला कीं तोच स्वर आखडतो आणि आपण ऱ्हस्व लिहितों. कम्मीनो आणि कम्मिनाते ह्यांत नेमकें हेंच होतें. आघात 'मी' वर असतां तो स्वर लांबतो, आघात पुढें गेला कीं आखडतो. परंतु इटालियन लेखनांत दोन्हीकडे एकच चिन्ह. वर तीं रूपें देवनागरींत उतरवितांना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करावा लागला तो उगीच नव्हे. ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे शाळामास्तरांनीं मुलांच्या छळासाठीं काढलेली युक्ति असा जो समज आहे, तो निदान क्रियापदांपुरता तरी खरा नाहीं. एक लिपि खंड दाखविते आणि आघात लपविते. दुसरी खंडांची मोड लपविते, पण वजनाची सांवली दाखविते.

हें वजन मराठींत कोठून आलें, ह्यावर विद्वानांत मोठा वाद झालेला आहे. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या ग्रंथापर्यंत रूपांची मांडणी झाली होती. कारणाचा शोध पुढें परदेशी पंडितांनीं घेतला. राल्फ टर्नर ह्यांनीं १९१६ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, वेदकालीन स्वराच्या जागांचे माग मराठी शब्दांच्या घडणींत अद्यापि दिसतात, आणि ह्या बाबतींत मराठी ही गुजराती व हिंदी ह्यांहून निराळी पडते. झ्यूल ब्लॉक ह्यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठीविषयक फ्रेंच ग्रंथांत हें मानलें नाहीं. स्वराचें लांब-आखूड होणें तो शब्दाच्या शेवटापासून कितव्या जागीं आहे ह्यावर अवलंबून आहे, असा त्यांचा रोख आहे. ह्या ग्रंथाचें वासुदेव गोपाळ परांजपे ह्यांनीं केलेलें मराठी भाषांतर १९४१ सालीं निघालें. वैदिक स्वर मराठींत टिकला ही कल्पना मोठी मोहक असली तरी वर दिलेल्या ऊठ आणि उठा ह्यांसारख्या रूपांना ब्लॉक ह्यांचें स्पष्टीकरण अधिक जवळचें वाटतें; त्या स्वरांचें माप शेवटाकडूनच मोजलें जातें.

क्रियापदांचें शेपूट झडण्याची लॅटिनसारखीच कथा आपल्याहि घरीं घडली आहे. संस्कृतांतील उपविश् प्राकृतांत उवइस झालें. त्याचें आरंभींचें अंग गळून जुन्या मराठींत बैसणें राहिलें, आणि आज आपण बसणें म्हणतों. पांच खंडांचें उपविशति, त्याचें 'बैसे' हें दोन खंडांचें रूप उरलें. करितो ह्यांतला इकार आजोबांच्या पिढीपर्यंत लेखनांत होता. आतां करतो असें लिहितात आणि कर्-तो असें दोनच खंडांत म्हणतात. टर्नर ह्यांनीं मराठी आणि गुजराती ह्यांच्यामध्यें जी रेषा ओढली ती बरोबर असो वा नसो, तिच्या दोन्ही बाजूंच्या भाषा एकाच आळींत ऐकूं येतील असें बोर्डीइतकें सोयीचें गांव विरळा. मराठींत बैसणें आखडून बसणें झालें. गुजरातींत त्याच धातूचें बेसवुं झालें, म्हणजे ऐकाराची खूण एकाराच्या रूपानें उरली. एकाच वाडींत दोन मुलें एकमेकांस बस आणि बेस म्हणत, आणि कोणालाहि भाषांतराची गरज भासत नसे.

बोर्डीच्या केंद्रांत अक्षरापूर्वीं बोलण्याला मान होता. मुलांना न्हाऊं-माखूं घालावें, केस विंचरावे, आणि मग गाणीं, गोष्टी, खेळ, बोलणें. ह्या गाण्या-गोष्टींना वेळेचा अपव्यय समजणारे पालक तेव्हांहि असत. परंतु वर दाखविलेली तफावत पाहतां, मराठी मुलाच्या बाबतींत ही तयारी रोमच्या मुलाहून अधिक लागते. इटालियन मुलाला ध्वनीवरून चिन्हाकडे जाणारी वाट थेट आहे. मराठी मुलाला आधीं शब्द पुरता ओळखीचा असावा लागतो, तेव्हां कोठें उतरा हीं तीन अक्षरें डोळ्यांनीं पाहून जीभ उत्-रा म्हणते. अक्षर ओळखणारें पण शब्द न ओळखणारें मूल उ, त, रा असें सुटें वाचतें. तें वाचन बरोबर असतें, आणि अर्थ मात्र हातीं लागत नाहीं. रेंगाळत, एकेक अक्षर खोदीत वाचणारीं मुलें पाहून त्यांना मंदबुद्धि ठरविणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, तीं आपल्या लिपीवर गरजेहून अधिक विश्वास ठेवीत असतात, एवढाच त्यांचा दोष.

१९५७ सालीं केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें. ताराबाई १९७३ सालीं वारल्या. अनुताईंनीं १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अंतापर्यंत, तेंच काम चालविलें. अंगणवाडी हा तेथला शब्द पुढें सरकारी योजनेंत जाऊन देशभर पसरला. १९६० सालीं राज्यांची फाळणी झाली तेव्हां शेजारचा उंबरगांव गुजरातेंत गेला आणि बोर्डी महाराष्ट्रांत राहिली. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यांत मोडते. तेव्हांपासून उंबरगांवच्या गुजराती शाळेंत मूल बेस लिहितें, आणि कांहीं मैलांवर बोर्डीच्या मराठी शाळेंत बस लिहितें. दोन्ही पाट्यांवर अक्षरें दोन असतात, आणि म्हणतांना दोन्हीकडे उच्चारखंड एकच.